एकेटी चालू आहे, मळमळतंय, लघवी लाल होतेय, गोळ्या थांबवू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की भावाला फुप्फुसाचा टीबी निघालाय, वय ३४, वजन ४७ किलो, एकेटी म्हणजे टीबीच्या गोळ्या सुरू होऊन १२ दिवस झालेत, लघवी लाल होते, सकाळी मळमळतं, जेवण जात नाही. आई म्हणते औषधं गरम पडली, चार दिवस बंद ठेवू, गुळवेलीचा काढा देऊ आणि मग परत चालू करू. शिवाय ह्या गोळ्या चालू असताना एकूण काय काय जपायचं तेही विचारलंय.

मी छातीच्या आजारांची डॉक्टर, कोकणात तालुक्याच्या गावी २२ वर्षं ह्याच गोळ्या लिहितेय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार, चहा घेऊन बसा.

आधी तातडीचं. आजच त्याची एलएफटी करून घ्या, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, गावातली साधी लॅबसुद्धा करते आणि रिपोर्ट बहुतेक संध्याकाळपर्यंत मिळतो. नुसती मळमळ असेल, अन्न पोटात टिकत असेल, तर रिपोर्ट येईपर्यंत गोळ्या चालू ठेवा आणि ज्यांनी औषध दिलंय त्यांना आजच फोन करा. पण उलट्या थांबतच नसतील, डोळे पिवळे दिसत असतील, उजव्या बाजूला बरगडीखाली दुखत असेल किंवा माणूस गळून पडल्यासारखा झाला असेल, तर पुढचा डोस देऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, उद्यावर ढकलू नका. हे असं दोन भागांत सांगतेय कारण टीबीच्या औषधात लोक दोन्हीकडून चुकतात. काहीजण जरा तोंड कडू झालं की स्ट्रिप कपाटात ठेवून देतात, आणि काहीजण ‘डॉक्टरांनी सांगितलंय एकही डोस चुकवायचा नाही’ म्हणून ओकत ओकत आठ आठ दिवस गोळ्या गिळत राहतात. हे दुसरे पेशंट मला जास्त घाबरवतात. एक टेम्पो ड्रायव्हर असाच आला होता, उलट्या आठवडाभर, कुणीतरी फोनवर सांगितलेलं की सुरुवातीला होतंच, चालू ठेव. आला तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे आणि एसजीपीटी, म्हणजे लिव्हर दुखावलं की रक्तात वाढणारा आकडा, ९०० च्या वर. वाचला, पण तीन आठवडे हॉस्पिटलात होता.

आता लाल लघवी. ती रक्ताची नाही, रिफाम्पिसिन ह्या टीबीच्या औषधाचा रंग आहे. तुमच्या त्या विटकरी गोळीत जो लाल रंग दिसतो ना, तोच शरीरातून जाताना लघवीत, घामात, डोळ्यांतल्या पाण्यात उतरतो, बनियनच्या काखेत नारिंगी डाग पडतात, सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर त्या कायमच्या रंगतात म्हणून सहा महिने चष्मा लावायचा. मला तर लघवी लाल झाली असं पेशंटने सांगितलं की बरं वाटतं, गोळी पोटात गेलीय ह्याची पावतीच ती. पण इथेच एक गडबड होते. कावीळ झाली तरी लघवी गडदच होते, आणि घरचे म्हणतात ‘ती गोळीची आहे, डॉक्टरांनी सांगितलंय’. फरक असा ओळखा की रिफाम्पिसिनचा रंग गोळी घेतल्यावर काही तास जोरात असतो आणि रात्रीपर्यंत बराच फिका होतो. कावीळीची लघवी दिवसभर मोहरीच्या तेलासारखी गडदच राहते. आणि डोळे बघायचे ते दिवसाउजेडी, दारात उभं करून, त्याला खाली पायाकडे बघायला सांगा आणि वरची पापणी उचलून पांढरा भाग बघा. पिवळ्या बल्बखाली बघून काही कळत नाही, सगळं घरच कावीळ झाल्यासारखं दिसतं.

लिव्हरचं थोडं समजून घ्या म्हणजे रिपोर्ट हातात आल्यावर घाबरायला होणार नाही. चार औषधांपैकी तीन, म्हणजे आयसोनायझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड, लिव्हरला त्रास देऊ शकतात, चौथं इथॅम्ब्युटॉल त्या बाबतीत गरीब आहे. पहिल्या काही आठवड्यांत एसजीपीटी थोडं वाढणं बऱ्याच जणांना होतं आणि औषध चालू असतानाच आपोआप खाली येतं. लॅबची वरची मर्यादा ४० असेल आणि भावाचं ६५ आलं तर कुणीही गोळ्या बंद करणार नाही, पुन्हा तपासू म्हणतील. मळमळ-उलटी आहे आणि आकडा मर्यादेच्या तिप्पट, म्हणजे १२० च्या वर गेला, तर थांबवतात. काहीच त्रास नाही पण आकडा पाचपट, २०० च्या वर, तरी थांबवतात. बिलिरुबिन, म्हणजे कावीळीचा आकडा, वाढलं असेल तर आकड्यांची वाट बघत बसत नाही. आणि थांबवणं म्हणजे टीबीचा उपचार संपला असं नाही, टीबी जोरात असेल तर मधल्या काळात लिव्हरला न दुखवणारी दुसरी औषधं देतात, लिव्हर शांत झालं की मूळ औषधं एकेक करून, मध्ये काही दिवसांचं अंतर ठेवून परत आणतात, म्हणजे गुन्हेगार कोण ते कळतं. वरच्या टेम्पोवाल्याला असंच केलं, पायराझिनामाइड सोडून बाकी सगळं त्याला चाललं, त्याचा कोर्स लांबला पण पुरा झाला. हे घरी बसून करायचं काम नाही, कितीही व्हिडिओ बघितले तरी नाही.

‘चार दिवस बंद, मग चालू’ हा प्रकार मात्र डोक्यातून काढाच. एक कारण सगळ्यांना माहीत आहे, जंतू औषधाला सरावतात आणि मग सहा महिन्यांचा सोपा कोर्स हातातून जातो, पुढची औषधं जास्त त्रासाची असतात. दुसरं कारण कुणी सांगत नाही. रिफाम्पिसिन हे तुटक घ्यायचं औषधच नाही, मध्ये खंड पाडून परत सुरू केलं तर काहींच्या शरीराला ते परकं वाटतं, थंडी वाजून ताप, अंगदुखी, प्लेटलेट घसरणं, क्वचित लाल पेशी फुटून किडनी बंद पडण्यापर्यंत जातं. म्हणून खंड पडलाच असेल तर लपवू नका, पण स्वतःहून पुन्हा सुरूही करू नका, आधी विचारा. पेशंट मला खोटं सांगतात ह्याचं मला वाईट वाटत नाही, आमच्यातलेच काही डॉक्टर एवढं रागावतात की माणूस खोटं बोलणारच.

काढा. आईंना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की सहा महिने नको. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे घरोघरी झाले, तेव्हा मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेऊन लिव्हर सुजलेल्या पेशंटांची नोंद छापली, त्यावर आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, वाद झाला, तो वाद मी इथे सोडवत नाही. माझं म्हणणं वेगळंच आहे. ज्या माणसाच्या लिव्हरवर तीन औषधं आधीच स्वार आहेत, त्याला चौथं काहीतरी द्यायचं आणि उद्या आकडा वाढला तर दोष कुणाचा हे कुणालाच सांगता येणार नाही. मग नाइलाजाने सगळंच बंद करावं लागतं, टीबीचं औषधसुद्धा. दारूचंही तेच, फक्त ती लिव्हरला स्वतःच पुरेशी आहे, ‘गोळी सकाळी घेतो, क्वार्टर रात्री घेतो, दोघांची भेट होत नाही’ असं एकाने मला शपथेवर सांगितलं होतं. होते भेट. भाऊ घेत असेल तर तेही डॉक्टरांना खरं सांगा, कारण अशांची तपासणी आम्ही जास्त वेळा करतो. आधी हिपॅटायटिस बी असेल, वय जास्त असेल, अंगावर मांस नसेल, त्यांचीही.

मळमळीवर साधे उपाय. गोळ्या खरं तर उपाशीपोटी घ्यायच्या, जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तास, पोटात अन्न असलं की रिफाम्पिसिन कमी शोषलं जातं. पण उपाशीपोटी घेऊन ओकून टाकण्यापेक्षा दोन बिस्किटं किंवा थोडी पेज खाऊन घेतलेली परवडली. काहींना रात्री झोपताना घेतलं की सुटतं, मळमळ झोपेत निघून जाते, डॉक्टरांना विचारून वेळ बदला. ४७ किलोला सरकारी एकत्रित गोळ्या (एकेका गोळीत चारही औषधं) दिवसाला तीन येतात, ३५ ते ४९ किलोच्या गटाला तेवढ्याच, आणि त्या तीनही एकदमच घ्यायच्या, सकाळी एक दुपारी एक संध्याकाळी एक असं वाटून नाही, हे सांगायला लागतं कारण आपल्याकडे तीन गोळ्या म्हटल्या की तीन वेळा हे डोक्यात पक्कं असतं. आणि पोट जळतं म्हणून ते पांढरं किंवा गुलाबी अँटासिड औषध घेत असेल तर गोळ्यांपासून निदान दोन तास लांब, त्यातलं अॅल्युमिनियम आयसोनायझिडला अडवतं.

आता मुद्दा येतो इतर गोळ्यांचा, आणि ह्या उत्तरातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. घरातल्या सगळ्या गोळ्या, रोजच्या, कधीमधीच्या, सगळ्या एका पिशवीत घाला आणि पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर उपडी करा. रिफाम्पिसिन लिव्हरमधली औषधं जाळणारी यंत्रणा इतकी पेटवतं की दुसऱ्या औषधांचा अर्धामुर्धा डोस वायाच जातो. डायबेटिसची ग्लिमेपिराइड, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, फिटची काही औषधं, स्टेरॉइड, एचआयव्हीची औषधं, आणि कुटुंबनियोजनाच्या गोळ्या. एचआयव्हीच्या डोलुटेग्राविरचा डोस तर दिवसातून दोनदा करावा लागतो. कुटुंबनियोजनाच्या गोळीचं मी स्वतः एकदा विसरले आहे. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट, २६ वर्षांची बाई, मानेतल्या गाठीचा टीबी, मी खोकला विचारला, ताप विचारला, वजन केलं, ‘आणखी काही गोळ्या चालू आहेत का’ विचारलं, ती नाही म्हणाली, कारण सासूबाई शेजारी बसलेल्या. चौथ्या महिन्यात गरोदर होऊन आली. चूक तिची नव्हती, सासूला बाहेर पाठवून विचारायला हवं होतं. तेव्हापासून मी प्रत्येक बाईला एकटीला विचारते. कॉपर टी चालते, गोळी चालत नाही, आणि एकेटी संपल्यावरही चार आठवडे गोळीवर विसंबायचं नाही. गरोदरपणात ही चार औषधं देतात बरं का, थांबवत नाहीत, स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन मात्र नाही, बाळाच्या कानावर जातं.

त्यातही लोकांना न सुचणारी वेळ म्हणजे कोर्स संपल्यावरची. एक काका होते, शुगरची गोळी एकेटीमुळे पुरेना म्हणून दुप्पट केलेली, सहा महिने छान गेले, पेढे वाटले. दोन आठवड्यांनी पहाटे घामाघूम, बडबडायला लागले, शुगर ४८. झालं असं की रिफाम्पिसिन बंद झाल्यावर ती पेटलेली यंत्रणा हळूहळू विझली आणि दुप्पट डोस आता खरोखरच दुप्पट लागू पडायला लागला. वॉरफरिनवाल्यांना ह्याच वेळी रक्तस्राव होऊ शकतो. म्हणजे वाढवलेले डोस एकेटी संपताना परत खाली आणायचे असतात, आणि ही आठवण पेशंटनेच डॉक्टरला करून दिलेली बरी, आम्ही टीबी बरा झाल्याच्या आनंदात फाइल बंद करून टाकतो.

डोळे. इथॅम्ब्युटॉल लिव्हरला गरीब पण डोळ्याच्या नसेला नाही. क्वचितच होतं, डोस आणि किडनीवर अवलंबून असतं, पण उशिरा कळलं तर नजर परत येईलच असं नाही. मी पेशंटना भिंतीवरचं कॅलेंडर वापरायला सांगते. दर रविवारी एक डोळा हाताने झाकून कॅलेंडरमधल्या लाल तारखा बघायच्या, मग दुसरा झाकून. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघण्याला अर्थ नाही, चांगला डोळा वाईट डोळ्याला झाकून घेतो. लाल रंग विटल्यासारखा, धुतलेल्या साडीसारखा दिसायला लागला किंवा बारीक अक्षर मध्येच पुसट वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, इथॅम्ब्युटॉल थांबवून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. चष्म्याच्या दुकानात नंबर बदलायला जाऊ नका, एक मास्तर दोन चष्मे करून मग माझ्याकडे आले होते.

तळपायाला मुंग्या, जळजळ हे आयसोनायझिडमुळे, त्यासाठी बी-६ म्हणजे पायरिडॉक्सिनची छोटी गोळी सोबत देतात, ‘ती काय नुसती व्हिटॅमिन’ म्हणून वगळू नका. सांधे दुखले तर बहुतेक पायराझिनामाइडमुळे वाढलेलं युरिक अॅसिड, दोन महिन्यांनी ती गोळी बंद झाली की उतरतं. इथे एक वेडेपणा नेहमी होतो. कुणीतरी युरिक अॅसिडचा रिपोर्ट काढतं, ८ येतं, आणि घरचे डाळी, कडधान्यं, अंडी सगळं बंद करतात. अहो, टीबीच्या माणसाला त्याच डाळीची गरज आहे! नुसता आकडा वाढलाय आणि दुखत नाही तर काहीही करायचं नसतं. सरकार निक्षय पोषणचे महिन्याला १००० रुपये देतं ते खाण्यासाठीच, नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते. भावाचं नाव निक्षयवर, म्हणजे सरकारच्या टीबी पोर्टलवर, नोंदलंय का बघा, खाजगी डॉक्टरांकडे उपचार असले तरी नोंद होते.

मासे. तुम्ही किनाऱ्यावरचे असाल तर हे वाचाच. आयसोनायझिड शरीरातल्या हिस्टामिनचा निचरा मंदावतं, आणि बांगडा, कुपा, सुरमई ह्या जातीचे मासे बर्फाशिवाय पडून राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, जे शिजवून जात नाही. जेवल्यावर थोड्याच वेळात तोंड लालबुंद, डोकं ठणकतं, धडधडतं, पेशंटला वाटतं हार्ट अटॅक आला, घरच्यांना वाटतं औषधाची अॅलर्जी, आणि गोळ्या बंद. अॅलर्जी नसते ती. सहा महिने हे मासे जरा लांब ठेवा, बाकी ताजी मासळी खाऊ द्या, प्रथिनं हवीतच.

खाज थोडी असेल तर साध्या अॅलर्जीच्या गोळीने भागतं. पुरळासोबत ताप, तोंडात फोड, कातडी सुटणं असं काही दिसलं तर सगळ्या गोळ्या बंद आणि थेट हॉस्पिटल.

गोळ्या स्ट्रिपमधून आधीच काढून डबीत भरून ठेवू नका, आपल्या पावसाळी हवेत रिफाम्पिसिन खराब होतं. लहान मुलं असतील तर वरच्या फळीवर, कुलपात असल्या तर उत्तमच, आयसोनायझिडच्या मूठभर गोळ्यांनी मुलाला न थांबणाऱ्या फिट येतात. असं झालंच तर गिळलेल्या गोळ्यांची स्ट्रिप हॉस्पिटलात सोबत न्या, त्यावर उतारा तीच बी-६ असते पण इंजेक्शनमधून, आणि डॉक्टरांना आयसोनायझिड आहे हे कळलं तरच ती देतील ना. दोन महिन्यांनी स्ट्रिप बदलेल, चारऐवजी तीन औषधांची येईल, पायराझिनामाइड गळेल, तेव्हा चुकीचं दिलं म्हणून घाबरू नका. वजन वाढून ५० च्या पुढे गेलं तर दिवसाच्या तीनाच्या चार होऊ शकतात, म्हणून दर महिन्याला वजन करा. आणि शेजाऱ्याच्या उरलेल्या स्ट्रिप आणू नका, २०१४ पासून ही औषधं केमिस्टला रजिस्टरमध्ये नोंदवूनच विकावी लागतात, ते उगाच नाही.

डॉक्टर फोनवर मिळत नसतील तर निक्षयचा टोल फ्री नंबर १८००-११-६६६६. आणि औषधाचा काही त्रास झाला तर त्याची नोंद पेशंट स्वतःही करू शकतो, त्यासाठी १८००-१८०-३०२४. फार थोडे लोक करतात.

आज एलएफटी झाली की एसजीपीटी, एसजीओटी आणि बिलिरुबिन हे तीन आकडे इथे टाका, लॅबच्या मर्यादेसकट. सोबत भावाला आधीपासून कुठल्या गोळ्या चालू आहेत तेही लिहा, आणि आईंना हळूच विचारा, काढा अजून सुरू व्हायचाय की १२ दिवसांपासून चालूच आहे?